लॉकवरची भांडणं, उंबरा आणि आमटीचं पातेलं

गेल्या महिन्यात या कॉलममध्ये मी सहज लिहून गेले की इस्टरच्या सुट्टीत आम्ही परत एकदा नॅरोबोट, म्हणजे आत राहता येतं अशी लांब अरुंद बोट, भाड्याने घेऊन इंग्लंडमधल्या कॅनॉलवर होतो, तर त्यावर इतके प्रश्न आलेत की या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवलंय. व्हिसा आणि शाळेच्या ॲडमिशनवाल्यांनो, पुढच्या अंकात नक्की. आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त लॉकबद्दल, म्हणजे कॅनॉलवर बोट वर-खाली न्यायच्या दारांच्या हौदाबद्दल आहेत, आणि लॉकबद्दलच्यातली बरीचशी खरं तर नवऱ्यांबद्दल आहेत, पण ते ओघाने येईलच.

प्रश्न: ताई, ऑगस्टमध्ये पुण्याहून सासू-सासरे येतायत (६६ आणि ७१), आम्ही दोघं आणि ९ वर्षांचा मुलगा. मिस्टरांनी चार दिवसांची बोट बघितलीये, सोमवारी दुपारी ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनहून निघायचं, आधी डिव्हायझेसला जाऊन ती फेमस २९ लॉक चढायची, मग उलट फिरून बाथ बघायचं आणि शुक्रवारी सकाळी बोट परत. ते म्हणतात मॅपवर बघ ना किती जवळ आहे सगळं. मला काहीतरी गडबड वाटतेय पण नक्की काय ते सांगता येत नाहीये. – रेडिंग

उत्तर: गडबड आहेच, आणि मोठी आहे. मिस्टरांना कागद-पेन घेऊन बसवा. कॅनॉलवर स्पीड लिमिट ताशी ४ मैल, पण ते नुसतं म्हणायला, कारण काठाला बांधलेल्या बोटी आल्या की इंजिन अगदी मंद करावं लागतं नाहीतर आतल्या लोकांचा चहा सांडतो आणि मग खिडकीतून डोकं बाहेर काढून ते जे बोलतात ते मुलासमोर नको. आणि त्या पट्ट्यात बांधलेल्या बोटी मैलोन् मैल आहेत. म्हणून तिथले लोक साधा हिशोब करतात, जेवढे मैल तेवढे मैल, त्यात प्रत्येक लॉकचा एक मैल धरायचा, बेरीज करायची आणि ३ ने भागायचं, आले तास. आता बाथच्या वरच्या लॉकपासून डिव्हायझेसच्या माथ्यापर्यंत साधारण २० मैल. मध्ये ब्रॅडफर्डचं १ लॉक, सेमिंग्टनची २, सीन्डची ५ आणि डिव्हायझेसची २९, म्हणजे ३७. वीस आणि सदतीस, सत्तावन्न. भागिले तीन, एकोणीस तास. हे झालं एका बाजूचं. तुम्ही मधून निघून दोन्ही टोकांना जाऊन परत मध्ये येणार म्हणजे सगळं दुप्पट, ३८ तास. तुमच्या हातात पूर्ण दिवस तीन, मंगळ, बुध, गुरू. म्हणजे रोज साडेबारा तास, न थांबता, सासऱ्यांच्या दुपारच्या झोपेशिवाय. हॉलिडे नाही हो ही, शिक्षा आहे.

त्यापेक्षा फक्त बाथच्या दिशेला जा. ब्रॅडफर्डपासून बाथच्या वरच्या लॉकपर्यंत साडेनऊ-दहा मैल आणि त्यात एकही लॉक नाही. बोटतळ ब्रॅडफर्डच्या लॉकच्या कुठल्या बाजूला आहे ते मात्र बुकिंगच्या वेळी विचारून घ्या, खालच्या बाजूला असेल तर हौस म्हणून एकदा वर जाऊन, थोडं पुढे वळवून परत खाली या, प्रॅक्टिस होते. तिथे काठावर चहा पिणारे बघे खूप असतात. कॅनॉलवर अशा रिकामटेकड्या बघ्यांना एक खास शब्द आहे, गाँगूझलर. मला तो भयंकर आवडतो, आपल्याकडे जेसीबी चालू असला की जमतात ना तेच हे, फक्त हातात आइस्क्रीम.

वाटेत ॲव्हनक्लिफ आणि डंडास असे दोन जलसेतू लागतात, म्हणजे पुलावरून कॅनॉल जातो आणि खालून नदी. सासूबाईंना तिथे पुढच्या डेकवर खुर्ची टाकून बसवा. बाथला खालच्या लॉकमध्ये उतरूच नका, वरच बोट बांधा आणि शहर पायी बघा. डिव्हायझेसची ती लॉक, केन हिल, ती वेगळ्या दिवशी गाडीने जाऊन बघा, आणि बघाच. २९ पैकी मधली १६ एका सरळ रेषेत टेकडी चढत जातात, जॉन रेनी नावाच्या इंजिनीअरचं काम, १८१० मध्ये पूर्ण झालं. चढ इतका आहे की दोन लॉकच्या मध्ये पाणी साठवायला जागाच उरली नाही, म्हणून प्रत्येकाच्या बाजूला एकेक आडवं तळं खणलंय. खालून वर बघितलं की दारांचे ते पांढऱ्या टोकांचे दांडे एकामागे एक असे दिसतात की पोटात गोळाच येतो. बोटीने पाच-सहा तास लागतात, आम्ही केलंय, नवव्या लॉकनंतर आमच्यात कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

प्रश्न: पहिल्यांदाच जातोय. लॉकचे व्हिडिओ बघून बघून डोक्याचा भुगा झालाय. पॅडल, गेट, सिल, विंडलस, काय आधी काय नंतर, जरा आपल्या भाषेत सांगा ना. – मिल्टन कीन्स

उत्तर: आपल्या भाषेत म्हणजे, लॉक हा दोन टोकांना दारं असलेला हौद. एका दाराबाहेर पाणी वरच्या पातळीला, दुसऱ्या दाराबाहेर खालच्या. बोट हौदात घ्यायची, दारं लावायची, आणि पाणी भरून किंवा सोडून बोट वर किंवा खाली न्यायची. पॅडल म्हणजे पाण्याखालची झडप, शेतात पाटाच्या पाण्याला फळी घालतो ना तसलीच, वर उचलली की पाणी जातं, पाडली की थांबतं. काही झडपा दारातच असतात, काही बाजूच्या जमिनीतल्या मोरीवर. आणि ती उचलायला विंडलस, म्हणजे एल आकाराचं लोखंडी हँडल. ज्यांनी गावाकडे डिझेल इंजिनाला हँडल मारलंय त्यांना वेगळं काही शिकवायची गरज नाही, त्यांना हेही माहीत असतं की ते उलटं बसलं तर मनगट जातं. म्हणून हँडल दांड्यावर तसंच सोडून बोट बघायला जायचं नाही. खटका सुटला की झडपेच्या वजनाने ते गरागरा फिरतं आणि समोर कोणाचं तोंड आहे ते बघत नाही.

वर जाताना असं: हौद रिकामा पाहिजे, म्हणजे आतलं पाणी खालच्या पातळीला, नसला तर आधी करून घ्यायचा. खालची दारं उघडा, बोट हळू आत, बोटीला ब्रेक नसतो, पंधरा-वीस टनाचं लोखंड रिव्हर्स टाकूनच थांबतं, तेही सावकाश. दारं लावा. खालची पॅडल पडलेली आहेत ना ते डोळ्याने बघा, बघितलंय का विचारू नका, स्वतः बघा, कारण दोघांनाही वाटत असतं दुसऱ्याने पाडली. मग वरची, पण जमिनीतली आधी, अर्धीच, बोट आत किती हलतेय ते बघून मग पूर्ण. दारातली पॅडल घाईने उघडली तर पाण्याचा झोत थेट पुढच्या डेकवर येतो, आणि पुढच्या डेकवर साधारण कोणाची तरी आई बसलेली असते. पाणी दोन्हीकडे सारखं झालं की दार आपोआप ढिलं पडतं, मग दाराच्या लांब दांड्याला पाठ लावून ढकला, पायाने रेटा, हाताने नाही. त्याआधी कितीही जोर लावा, हलणार नाही. चार बोटं फरक असला तरी दारावर शेकडो किलो दाब असतो आणि मी धडधाकट माणसं लालबुंद होईपर्यंत ढकलताना बघितलीयेत, तिथे नुसतं दोन मिनिटं उभं राहायचं असतं. बाहेर पडल्यावर दार लावा, पॅडल पाडा, मग चढा.

खाली जाताना क्रम उलटा, पण धोका वेगळा. सिल म्हणजे उंबरा. वरच्या दाराच्या खाली आतल्या बाजूला दगडाचा किंवा काँक्रीटचा मोठा उंबरा असतो, काही ठिकाणी चार-पाच फूट आत आलेला, आणि हौद भरलेला असताना तो दिसतच नाही. पाणी उतरायला लागलं आणि बोटीचं मागचं टोक त्यावर टेकलं की मागचं टोक वर राहतं, पुढचं खाली जातं, आणि काही मिनिटांत बोट बुडू शकते. काठावर पांढरी रेघ आणि अक्षरं रंगवलेली असतात, टिलरवाल्याने, म्हणजे मागे उभं राहून बोट वळवायचा दांडा धरणाऱ्याने, त्या रेघेच्या पुढे राहायचं आणि अधूनमधून मागे बघत राहायचं. फोन खिशात.

आणि दोर. दोर बांधायचा नाही, खुंटीला एक वेढा देऊन टोक हातात धरायचं आणि पाणी उतरेल तसं सोडत जायचं. हे मी इतक्या ठासून का सांगतेय, तर आमच्या पहिल्या ट्रिपला सीन्डला उतरताना माझ्या दिरांनी मधला दोर बैल बांधतात तशा पक्क्या गाठीने बांधला आणि हात झटकून फोटो काढायला गेले. मी खालच्या दारावर, पॅडल पूर्ण उघडलेलं. आधी दोराचा आवाज आला, खाट विणताना ताणला की करकरतो तसा, मग मला दिसलं की बोटीचं छप्पर एका बाजूला कलतंय. आत जाऊबाई होत्या आणि गॅसवर आमटी. काठावरचे एक आजोबा, निळ्या लाइफ जॅकेटमधले व्हॉलंटिअर, माझ्या अंगावर ओरडले की पॅडल पाड, आधी पाड! पाडलं. मग त्यांनीच वरचं थोडंसं उघडलं, पाणी परत चढलं, दोर सैल पडला आणि गाठ सुटली. सगळा मामला दोन-तीन मिनिटांचा असेल. आमटी मात्र सगळी जमिनीवर, आणि पुढचे तीन दिवस बोटीला हिंगाचा वास. तर लक्षात ठेवा, उतरताना काहीही अडकलं, दोर असो उंबरा असो, आधी खालचं पॅडल बंद, मग वरून हळूहळू पाणी. दोर सोडायला हात घालू नका, ताणलेल्या दोरात बोटं जातात.

प्रश्न: हॅटनची २१ लॉक केली. २१ च्या २१ वेळा हँडल मी मारलं, दारं मी ढकलली, आणि नवरा मागे उभा राहून टिलर धरून सूचना देत होता. घरी आल्यावर सगळ्यांना सांगतोय की आम्ही केलं. हे असंच असतं का? – कोव्हेंट्री

उत्तर: असंच असतं, आणि चुकीचं असतं. कुठल्याही लॉकवर जाऊन उभ्या राहा, दहातल्या आठ बोटींवर पुरुष टिलरवर आणि बाई दाराशी. आता विचार करा ना, यात ताकद कशाला लागते? हॅटनची लॉक १९३० च्या दशकात रुंद केली, चौदा फुटी, तिथली दारं म्हणजे काय खेळणं आहे का, आणि ते उंच पांढऱ्या खांबासारखे पॅडलचे गिअर फिरवता फिरवता खांदे भरून येतात. टिलरला ताकद शून्य लागते, लागतो तो धीर. डावीकडे ढकललं की बोटीचं नाक उजवीकडे जातं, तेही दोन क्षण उशिरा, एवढं अंगवळणी पडलं की झालं. माझ्या आईने ६८ व्या वर्षी सांगलीहून येऊन अर्ध्या तासात शिकून घेतलं, आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती तिने.

जुन्या काळी कोळसा-बिळसा वाहणाऱ्या बोटींवर अख्खं कुटुंब मागच्या दहा फुटांच्या खोलीत राहायचं, तेव्हाही कितीतरी बोटींवर टिलरवर बाई असायची, रांगतं पोर छपरावर धुराड्याला बांधलेलं, आणि नवरा लॉक उघडायला पुढे. तेव्हा नवऱ्याला सांगा की परंपरा अशी आहे.

दुसरं, ओरडून बोलू नका. इंजिनाच्या आवाजात टिलरवर काहीही ऐकू येत नाही, फक्त समोरचा ओरडतोय एवढं दिसतं, आणि मग तोही ओरडतो. आम्ही खुणा ठरवल्यात. हात वर म्हणजे थांब, दोन्ही हात क्रॉस म्हणजे पॅडल पाड, हात आडवा हलवला की ये आत. डोक्यावर हात म्हणजे चहा ठेव. आमचं लग्न टिकलंय ते यामुळे असं मी म्हणणार नाही, पण डिव्हायझेसला ही पद्धत असती तर बरं झालं असतं.

आणि रुंद लॉकमध्ये दोन नॅरोबोटी शेजारी शेजारी बसतात, म्हणून मागून कोणी येत असेल तर थोडं थांबा. पाणीही अर्धं लागतं आणि दार ढकलायला आणखी एक नवरा मिळतो.

प्रश्न: ठाण्याला इंजिनीअरिंगला आहे, मावशी मासिक घेते म्हणून वाचतो. बोट वर उचलायला पंप लागत नाही म्हणता, मग वरचं पाणी संपत कसं नाही? आणि पनामा कॅनॉल पण हेच का? – ठाणे

उत्तर: छान प्रश्न. संपतं की! प्रत्येक वेळी एक हौदभर पाणी वरून खाली जातं ते जातंच, बोट वर गेली काय आणि खाली गेली काय. अगदी अरुंद, सात फुटी लॉकमध्येही लाखभर लिटरच्या पुढे जातं. म्हणून कॅनॉलच्या सगळ्यात उंच भागाला पाणी पुरवायला वेगळे तलाव बांधलेले असतात, आणि उन्हाळा कोरडा गेला की लॉक बंद ठेवायची वेळ येते. काही ठिकाणी खालचं पाणी परत वर फेकायला पंप बसवलेत. केन हिलच्या पायथ्याचा पंप दिवसाला ३ कोटी २० लाख लिटर वर नेऊ शकतो. म्हणजे बोट उचलायला पंप नाही, पण खर्च झालेलं पाणी भरून काढायला आहे. आपला नीरेचा किंवा मुठेचा कालवा आणि हे कॅनॉल यात फरक हाच, आपला कालवा पाणी वाहून न्यायला, तो उतारानेच काढलेला असतो. हे बोटी न्यायला, म्हणून पाणी जवळजवळ थांबलेलं आणि जमीन चढली की पायरी, म्हणजे लॉक.

आणि सात फूटच का? १७६० च्या दशकात जेम्स ब्रिंडली या माणसाने ट्रेंट अँड मर्सी कॅनॉलला पैसा आणि पाणी वाचवायला अरुंद लॉक ठेवली, मग बोटी त्या मापाच्या झाल्या, आणि मधल्या भागातले इतर कॅनॉलही त्याच मापाने झाले. आजही नॅरोबोट ६ फूट १० इंच रुंद.

पनामा तेच तत्त्व, फक्त आकार राक्षसी. जहाज २६ मीटर वर गाटून तलावात चढतं आणि पलीकडे उतरतं. ते सुरू झालं १९१४ मध्ये, आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी तुमच्या जवळ मुंबईत अलेक्झांड्रा डॉक सुरू झालं, आताचं इंदिरा डॉक. त्याच्या तोंडाशी असंच लॉक आहे, साडेसातशे फूट लांब आणि शंभर फूट रुंद. तिथे डोंगर नाही चढायचा, भरती-ओहोटी बाहेर ठेवायची, म्हणजे ओहोटीलाही आतल्या जहाजाखाली पाणी राहतं. कॉलेजकडून परवानगी काढून बघता आलं तर बघ, मी नुसतं बाहेरून बघितलंय.

प्रश्न: मला पोहता येत नाही. आणि बोटीवर पोळ्या होतात का? – लेस्टर

उत्तर: दोन्हीचं काळजीचं कारण लॉक हेच आहे, म्हणून एकत्र. कॅनॉल बहुतेक ठिकाणी कमरेएवढा, फार तर छातीएवढा, पण भरलेलं लॉक खोल असतं आणि भिंती शेवाळलेल्या. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घाला, ती दिवाणाखाली ठेवण्यासाठी नसतात. एका दारावरून दुसऱ्या दारावर उडी मारायची नाही, ओलं लाकूड असतं, लांबचा वळसा घालून पुलावरून जा. कोणी पडलंच तर पहिलं काम इंजिन न्यूट्रल, पंखा फिरता कामा नये, मग दोर किंवा रिंग टाका. मागून उडी घेऊ नका. छोटी मुलं लॉकमध्ये असताना आत किंवा पुढच्या डेकवर, छपरावर नाही.

पोळ्या मस्त होतात, सिलेंडरचा गॅस असतो, तवा मात्र आपला न्या. मिक्सर घरीच ठेवा, बोटीच्या बॅटरीवर तो चालेलच असं नाही, चटण्या वाटून न्या. पाण्याची टाकी रोज नळावर भरून घेत चला, पाच माणसांच्या आंघोळीला ती बघता बघता संपते. आणि लॉक दिसलं की गॅस बंद, कढईत तेल तर अजिबात नको. का ते वर लिहिलंय.

प्रश्न: विंडलस पाण्यात पडलं तर बोटवाले पैसे घेतात का? – क्रॉयडन

उत्तर: बरेच जण घेतात, पण त्याहून वाईट म्हणजे तुम्ही तिथेच अडकता, म्हणून निघताना दोन मागून घ्या आणि मोजून घ्या. माझी आतापर्यंत तीन गेलीत. एक परत मिळालं, शेजारच्या बोटवाल्याने दोरीला बांधलेलं मोठं लोहचुंबक टाकलं आणि पाच मिनिटांत आमचं विंडलस, एक सायकलची चेन आणि कोणाचं तरी दुसरंच विंडलस वर आलं. दुकानात हलकी ॲल्युमिनियमची मिळतात, हाताला बरी वाटतात, मीही हौसेने एक घेतलं होतं. ते चुंबकाला चिकटत नाही हे मला ते पडल्यावर कळलं.